जवळच्या फोटोसाठी स्वस्त कॅमेरा घेताय? आधी खिशात पट्टी ठेवा

मी बचत गटांच्या मालाचे फोटो काढते. पैठणी, हिमरू, तांड्यावरची भरतकामाची पिशवी, बिदरीची डबी, असा माल. ऑनलाइन विक्री सुरू झाली की प्रत्येक गट एकदा तरी कॅमेरा घेतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा घेतो. नांदेडकडच्या एका गटानं वर्षभराच्या शिलकीतून मोठ्या झूमचा कॅमेरा आणला. दुकानातून रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवली म्हणून घेतला. घरी आल्यावर कवडीभोवतीचा टाका काही केल्या स्पष्ट येईना. कॅमेरा बिघडलेला नव्हता, दूरचं बघायला बनवलेला होता.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता सगळी पद्धत क्रमानं लिहून काढते. हा क्रम मोडू नका. माणसं चौथा टप्पा आधी करतात, पहिला करतच नाहीत, आणि पैसे तिथेच जातात.

मी पाच ते आठ हजारांचं बजेट धरलं आहे. म्हणजे जवळपास नक्कीच वापरलेला कॅमेरा.

## टप्पा १: कॅमेरा नंतर, आधी माल मोजा

वही घ्या. तुमच्या मालातला सगळ्यात लहान भाग कोणता, जो गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसलाच पाहिजे? पूर्ण साडी किंवा पूर्ण पिशवी नव्हे. त्यांचे फोटो कुठल्याही मोबाईलवर निघतात. गिऱ्हाईक अडून बसतं ते बारीक कामासाठी.

पैठणीचं उदाहरण घ्या. हातमागाची पैठणी ओळखणारं गिऱ्हाईक पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागतं, कारण खऱ्या विणीत मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. हिमरूत नेमकं उलटं असतं. तिथं मागच्या बाजूला मोकळे धागे असणारच, ती त्या विणीची रीत आहे. दोन्हीकडे धागा न् धागा दिसला पाहिजे. तांड्यावरच्या कामात आरसा बसवलेला टाका, बिदरीत काळ्या धातूत ठोकलेली चांदीची तार. हे सगळं एक-दोन सेंटीमीटरचं काम.

आता तो भाग पट्टीनं मोजा आणि त्याची दुप्पट करा. आरसा आणि त्याच्या कडेचा टाका मिळून १५ मिलिमीटर भरत असेल, तर तुम्हाला ३० मिलिमीटर रुंदीची चौकट हवी. फोटोच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जेवढी वस्तू मावते ती चौकट. हा एक आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढचा सगळा लेख या आकड्याभोवती फिरतो.

*तपासणी:* अंदाज येत नसेल तर एटीएम कार्ड काढा. ते ८५.६ मिलिमीटर रुंद असतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. तुमची चौकट कार्डाएवढी आहे की नाण्याएवढी, हे आधी ठरवा. कार्डाएवढी असेल तर काम सोपं आणि स्वस्त. नाण्याएवढी असेल तर पुढचं नीट वाचा.

## टप्पा २: हातातला मोबाईल आधी तपासा

कॅमेरा घ्यायचाच नाही असा निकाल इथे लागू शकतो, आणि लागला तर आनंदच आहे.

लेन्स सुती कापडानं पुसा. पट्टी टेबलावर ठेवा, मोबाईल जवळ न्या, फोकस सुटायला लागला की थोडा मागे घ्या आणि फोटो काढा. फोटोत किती मिलिमीटर मावले ते मोजा. मग मोबाईल आणखी थोडा मागे घ्या, झूम दुपटीवर ठेवा, पुन्हा काढा. दुसरा फोटो बहुतेक वेळा जास्त कामाचा निघतो, कारण अंतर राहिल्यामुळे उजेड वस्तूवर पडतो.

सावधान: स्वस्त मोबाईलमध्ये 'मॅक्रो' नावाची २ मेगापिक्सेलची वेगळी लेन्स असते. तिच्या नादी लागू नका. मुख्य लेन्सनं थोडं लांबून काढून कापलेला फोटो तिच्यापेक्षा जवळपास नेहमीच बरा येतो.

मग मोबाईल कुठे कमी पडतो? बारीक विणीत. मोबाईल फोटो काढल्यावर स्वतःच्या मनानं तो घासून गुळगुळीत करतो, कडा जाड करतो, रंग चढवतो. चेहऱ्याला ते चालतं, पण जरीचे धागे एकमेकांत मिसळून पिवळा पट्टा होतो आणि गिऱ्हाईक विचारतं, ही जरतार प्लास्टिकची आहे का? फोटो पूर्ण मोठा करून बघा. धागे सुटे दिसत असतील तर मोबाईल पुरे. कॅमेऱ्याचे पैसे दोन चांगल्या दिव्यांवर आणि एका तिपाईवर (ट्रायपॉडवर) घाला, थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ३: मेगापिक्सेलचा हिशेब एकदाच करा आणि विसरा

संकेतस्थळावर टाकायच्या फोटोची लांब बाजू १,६०० पिक्सेल, म्हणजे १,६०० ठिपके, असली तरी पुरते. ४० मिलिमीटरची चौकट १,६०० पिक्सेलांत बसवली तर प्रत्येक मिलिमीटरला ४० ठिपके मिळतात. ०.२ मिलिमीटर जाडीच्या धाग्याला आठ ठिपके. धागा मोजता येतो.

१,६०० गुणिले १,२०० म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. दहा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा साधारण ३,६४८ गुणिले २,७३६ चा फोटो देतो, म्हणजे कापायला भरपूर जागा. सेन्सर, म्हणजे लेन्समागचा उजेड टिपणारा तुकडा, लहानच ठेवून त्यावर २० मेगापिक्सेल कोंबले की धागे स्पष्ट होत नाहीत, फक्त फाइल जड होते. म्हणून दुकानदारानं "ताई, हा वीसचा आहे" म्हटलं की मान डोलवा आणि पट्टी काढा.

## टप्पा ४: प्रकार ठरवा

या पैशात दोनच वाटा आहेत.

### वाट पहिली: फूल-मोडचा छोटा कॅमेरा

छोट्या कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असतं. ते लावलं की लेन्स अगदी जवळ फोकस करते. कॅनन पॉवरशॉट जी१० ते जी१२, पॅनासॉनिक लुमिक्स एलएक्स३, एलएक्स५, एलएक्स७ हे जुन्या कॅमेऱ्यांतले कामाचे. या सगळ्यांत लेन्सच्या तोंडापासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो, आणि उजेड, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) आणि रंग हातानं ठरवता येतात. जी११ आणि जी१२ ला फिरणारा पडदा आहे. जमिनीवर पसरलेल्या साडीवर वरून कॅमेरा धरायचा असेल तर मानेला त्याचा केवढा आधार होतो, ते दिवसभर फोटो काढल्यावर कळतं.

आता तो १ सेंटीमीटरचा आकडा. बहुतेक जण इथेच फसतात.

हा १ सेंटीमीटर फक्त झूम पूर्ण मागे असताना लागू होतो. झूम पुढे नेला की हेच अंतर झपाट्यानं वाढतं. एलएक्स५ मध्ये झूमच्या टोकाला ते ३० सेंटीमीटर होतं. शिवाय लेन्स वस्तूपासून एक सेंटीमीटरवर टेकली की उजेड शिरणार कुठून? कॅमेऱ्याची सावली मालावर पडते, वस्तूच्या कडा फुगतात, चौकोनी डबी पोटात गोल दिसते. काही मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांवर 'शून्य सेंटीमीटर' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वस्तू काचेला चिकटली तरी फोकस होईल. फोटो काळा येईल ही गोष्ट डब्यावर लिहीत नाहीत.

म्हणून छोट्या कॅमेऱ्यात प्रश्न असा विचारा: लेन्स आणि वस्तू यांत किमान पाच सेंटीमीटर अंतर ठेवून सगळ्यात लहान चौकट किती मिळते? याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ते पट्टीनंच काढावं लागतं.

### वाट दुसरी: जुना डीएसएलआर आणि सोबत येणारी साधी लेन्स

डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. माझं मत विचाराल तर चौकट सात-आठ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तेव्हा हीच वाट घ्या. लोक म्हणतात, जवळच्या फोटोला महागडी मॅक्रो लेन्स लागते. कॅननच्या १८-५५ आयएस लेन्सचा आणि निकॉनच्या १८-५५ व्हीआरचा आकडा बघा. पहिली २५ सेंटीमीटरवर फोकस करते आणि सेन्सरवर वस्तूचं चित्र मूळ आकाराच्या सुमारे ०.३४ पट उमटवते. दुसरी २८ सेंटीमीटर आणि ०.३१ पट. कॅननचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद, म्हणजे चौकट साधारण ६५ मिलिमीटर. निकॉनचा सुमारे २३.५, म्हणजे चौकट साधारण ७६. दोन्ही एटीएम कार्डापेक्षा लहान. पैठणीवरचा बांगडी मोर, हिमरूचा बुट्टा, डबीचं झाकण आरामात बसतं. सेन्सर मोठा असल्यामुळे धागे सुटे येतात, आणि अंतर राहिल्यामुळे उजेडही येतो.

सावधान, इथे मोजण्याची पद्धत बदलते. छोट्या कॅमेऱ्याचं किमान अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजलेलं असतं. डीएसएलआरच्या लेन्सचं अंतर आतल्या सेन्सरपासून मोजलेलं असतं. बॉडीच्या वरच्या बाजूला गोल आणि त्यावर आडवी रेघ असं चिन्ह दिसेल, ती सेन्सरची जागा. म्हणजे २५ सेंटीमीटरच्या लेन्सला वस्तूपासून प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास अंतर उरतं. '१ सेंटीमीटर' आणि '२५ सेंटीमीटर' हे आकडे शेजारी ठेवून पहिला चांगला ठरवणं म्हणजे किलो आणि मीटर यांची तुलना.

कॅननचा १०००डी किंवा ११००डी, निकॉनचा डी३१००, असे पहिल्या पायरीचे कॅमेरे बघा. दहा ते चौदा मेगापिक्सेलचे आहेत, पुरतात. निकॉनच्या डी४०, डी६०, डी३०००, डी३१०० यांच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं नसेल तर विकत घेण्याआधी ती लावून आपोआप फोकस होतो का ते बघा.

चौकट तीन-चार सेंटीमीटरची हवी असेल तर दोन स्वस्त उपाय आहेत. लेन्सच्या तोंडावर स्क्रूनं बसणारी, जवळचं दाखवणारी काच (क्लोज-अप फिल्टर), किंवा लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी (एक्स्टेंशन ट्यूब). काचेवर +१, +२, +४ असे आकडे असतात. चष्म्याचाच हिशेब आहे. +४ म्हणजे लेन्स दूरवर फोकस केलेली असली तरी २५ सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट होते. +४ च्या पुढे जाऊ नका. स्वस्त +१० काचेत कडा विरघळतात आणि पांढऱ्या धाग्याला जांभळी झालर येते.

नळी घेतलीत तर विजेच्या टाचण्या असलेलीच घ्या. बिनटाचण्यांची नळी फार स्वस्त मिळते, पण तिच्यामुळे कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं तुटतं. कॅननची लेन्स पूर्ण उघडी राहते, निकॉनची नवी लेन्स पूर्ण मिटून पडदा अंधारतो. मी स्वतः ही नळी घेऊन दोन रविवार घालवले आहेत.

*तपासणी:* वहीतला आकडा पुन्हा बघा. सात सेंटीमीटरच्या वर, तर डीएसएलआर आणि साधी लेन्स. तीन ते सात, तर तोच अधिक काच किंवा नळी, किंवा पट्टी-परीक्षेत पास झालेला छोटा कॅमेरा. तीनच्या खाली, तर आधी तो फोटो खरोखर लागतो का, हे गिऱ्हाइकाला विचारा.

## टप्पा ५: कार्ड, सेल, चार्जर

कंटाळवाणा भाग आहे, पण कॅमेरा कपाटात पडून राहतो तो याच्यामुळे.

२००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड घेतात. ४ ते ३२ जीबीचं कार्ड एसडीएचसी प्रकारचं, ते त्यांत चालत नाही. आजच्या दुकानात २ जीबीचं कार्ड सहज मिळत नाही. काही जुन्या ऑलिम्पस आणि फुजी कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं कार्ड लागतं, ते बनणंच बंद झालं आहे. असा कॅमेरा फुकट मिळाला तरच घ्या.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा तालुक्याच्या गावात सोयीचा, कारण खास बॅटरी बिघडली तर ती शहरातही शोधावी लागते. पण साधे सेल घालू नका, चार-दोन फोटोंत बसतात. रिचार्ज होणारे निकेल-मेटल सेल चार घ्या आणि लाईट असते त्या वेळी भरून ठेवा. खास बॅटरी असलेला कॅमेरा चार्जरशिवाय घेऊ नका. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा. गरगर फिरली तर ती फुगलेली आहे.

## टप्पा ६: पट्टी-परीक्षा

हा खरा टप्पा. कॅमेरा संभाजीनगरच्या गुलमंडीच्या बाजूच्या दुकानात बघा, लातूरच्या गंजगोलाईत बघा नाहीतर मामाच्या कपाटातला उचला, ही परीक्षा टाळू नका. वीस मिनिटं लागतात. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

सोबत न्यायचं सामान: १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, स्वतःचं कार्ड, भरलेले सेल, पांढरा कोरा कागद, वर्तमानपत्राचं एक पान, मोबाईलला लागणारा कार्ड रीडर आणि तुमच्या मालाचा एक तुकडा. तुकडा विसरू नका. दुकानदाराच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलाचा फोटो सगळेच कॅमेरे सुंदर काढतात.

१. चालू-बंद पाच वेळा. लेन्स बाहेर येताना करकर वाजली, अडकली किंवा पडद्यावर लेन्सची चूक दाखवली तर पुढे काही बघू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते सांगायला नको. आत-बाहेर करणारी लेन्स ती धूळ ओढून घेते आणि तिचे दाते झिजतात. हा बिघाड दुरुस्त करायला कॅमेऱ्याच्या किमतीएवढे पैसे जातात.

२. पट्टीचा पहिला फोटो. फूल-मोड लावा, झूम पूर्ण मागे. फ्लॅश बंद. पट्टी आडवी ठेवून बटण अर्धं दाबा, हिरवी खूण आली की पूर्ण दाबा. फोकस मिळेल तितकं जवळ जा. फोटोत किती मिलिमीटर मावले ते वहीत लिहा.

३. पट्टीचा दुसरा फोटो, हा महत्त्वाचा. लेन्स आणि पट्टी यांत पाच सेंटीमीटर ठेवा. अंदाजानं नको, दुसऱ्या पट्टीनं किंवा बोटांनी मोजा. आता झूम एकेक टिचकीनं पुढे न्या आणि प्रत्येक ठिकाणी अर्धं बटण दाबून फोकस मिळतो का बघा. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत झूमच्या मधेच कुठेतरी एक जागा असते, जिथं अंतरही राहतं आणि चौकटही लहान होते. ती जागा सापडली की फोटो काढा, मिलिमीटर मोजा. हा आकडा वहीतल्या चौकटीएवढा किंवा त्याहून लहान आला तर कॅमेरा पास. थोडा मोठा आला तरी फोटो कापून काम होतं, पण कापल्यावर १,६०० पिक्सेल उरले पाहिजेत. दुपटीपेक्षा मोठा आला तर कॅमेरा परत द्या, किंमत कितीही कमी असो.

डीएसएलआर असेल तर झूम ५५ वर नेऊन शक्य तितक्या जवळून एकच फोटो काढला की पुरे.

४. तिरपी पट्टी. पट्टीचं एक टोक आगपेटीवर टेकवा. मधल्या ७ च्या आकड्यावर फोकस करा. फोटोत ६ किंवा ८ जास्त स्पष्ट आला तर फोकस सरकतोय. एकदा पुन्हा करून बघा, हात हलला असेल. दोन्ही वेळा तेच झालं तर नको.

५. वर्तमानपत्राचं पान. भिंतीवर सपाट चिकटवा, समोरून सरळ फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी दिसली पाहिजेत. सगळेच कोपरे किंचित मऊ असतील तर चालतं. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे आणि लेन्स वाकडी बसली आहे.

६. पांढरी भिंत. छिद्र एफ/८ वर किंवा जमेल तितकं लहान ठेवून भिंतीचा फोटो (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). राखाडी डाग दिसले तर आत धूळ आहे. डीएसएलआरची धूळ साफ करता येते, छोट्या कॅमेऱ्याची सहज नाही. दाट हिमरूवर एखादा डाग लपेल, पांढऱ्या कागदावरच्या दागिन्यावर लपणार नाही.

७. तुमचा तुकडा. खिडकीच्या उजेडात तुमच्या मालाचा फोटो काढा. आधी पांढऱ्या कागदावर रंगाचं माप द्या. कॅमेऱ्याच्या मेनूत कागदाकडे बघून पांढरा रंग ठरवायची सोय असते. ती सोयच नसेल तर मी तो कॅमेरा घेत नाही. जांभळी पैठणी निळी दिसली की माल परत येतो, आणि जाण्या-येण्याचं भाडं गटाच्या अंगावर पडतं.

आता कार्ड काढा, मोबाईलला जोडा आणि सगळे फोटो पूर्ण मोठे करून बघा.

सावधान: कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर निकाल देऊ नका. त्या पडद्यावर हललेला फोटोसुद्धा धारदार दिसतो. मी पाहिलेल्या चुकीच्या खरेद्यांपैकी निम्म्या तरी याच पडद्यामुळे झाल्या.

### कॅमेरा ऑनलाइन घेत असाल तर

परीक्षा विकणाऱ्याकडून करून घ्या. हा निरोप जसाच्या तसा पाठवा:

"भाऊ, फ्लॅश बंद करून, पट्टीपासून साधारण पाच सेंटीमीटरवरून पट्टीचा एक फोटो, आणि पांढऱ्या भिंतीचा एक फोटो याच कॅमेऱ्यानं काढून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेरा चालू करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओही पाठवा."

खरा विकणारा पाठवतो. "एकदम नवा आहे, बघायची गरज नाही" असं उत्तर आलं तर पुढचा कॅमेरा शोधा. बिल नसलं तरी कॅमेऱ्याच्या तळाचा क्रमांक आणि विकणाऱ्याची सही असलेली साधी पावती घ्या. क्रमांक खरवडलेला असेल तर हात लावू नका.

## टप्पा ७: घरी पहिल्या दिवशीची मांडणी

चांगला कॅमेरा घेऊनही फोटो बिघडतात ते इथे.

जागा. उन्हात नको. आपल्याकडचं ऊन सकाळी नऊनंतर इतकं कडक असतं की जरतार पांढरी फटफटीत येते आणि घडीतली सावली काळी. उत्तरेकडची खिडकी किंवा ओसरीची सावली बघा, जिथं उजेड भरपूर पण ऊन थेट नाही. पत्र्याच्या शेडमध्ये काढत असाल तर निळ्या-हिरव्या पत्र्याखाली काढू नका, सगळ्या मालावर तो रंग चढतो. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाईट एकत्र ठेवू नका. एक चालू, एक बंद.

आधार. जवळच्या फोटोत हात एक मिलिमीटर हलला तरी धागा पुसतो. तिपाई नसेल तर दोन विटा आणि पाट चालेल. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही.

आकडे. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा त्याचा आकडा) १००, किंवा कॅमेऱ्यात असेल तेवढा कमी. छिद्र छोट्या कॅमेऱ्यात एफ/४ ते एफ/५.६, डीएसएलआरमध्ये एफ/८ ते एफ/११. छोट्या कॅमेऱ्याला एफ/८ वर नेलं की सगळंच मऊ होतं, कारण एवढ्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो. धूळ तपासताना तेच छिद्र वापरलं होतं, पण ते तपासणीपुरतं. काळ्या बिदरीवर कॅमेरा गोंधळतो आणि काळा धातू राखाडी करतो. उजेडाची भरपाई (+/- चिन्हाची सोय) उणे ०.७ करा. पांढऱ्या कापडावर उलट, अधिक ०.७.

वस्तू आणि कॅमेरा समांतर. इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा थर काही मिलिमीटरचाच असतो. कापड तिरपं असेल तर एक कड स्पष्ट, दुसरी धूसर. कापड इस्त्री करून पुठ्ठ्यावर ताणून बसवा.

जरीला उजेड बाजूनं द्या, साधारण ४५ अंशांत. समोरून दिला तर जरीची चमक मरते. कापड एकदा उभं, एकदा आडवं फिरवून बघा. ताणा आणि बाणा वेगवेगळा चमकतो आणि पैठणीची धूपछांव तिथेच पकडता येते.

आरशांचं काम सगळ्यात अवघड. प्रत्येक आरशात तुम्ही, कॅमेरा आणि छत दिसतं. पांढऱ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडा, त्यातून लेन्स बाहेर काढा. आता आरशात पांढरं दिसेल. सगळे आरसे सपाट पांढरे झाले तर ते टिकल्यांसारखे वाटतात, म्हणून पुठ्ठ्याच्या एका बाजूला काळ्या कापडाची पट्टी लावा. आरशात अर्धी काळी, अर्धी पांढरी छटा आली की तो काचेचा आहे हे फोटोत कळतं.

*तपासणी:* पहिला फोटो नेहमी पट्टीसकट काढा आणि जपून ठेवा. पुढे कधी फोटो धूसर यायला लागले की तीच मांडणी पुन्हा करून तुलना करता येते. दोष कॅमेऱ्याचा की उजेडाचा, दोन मिनिटांत समजतं.

## टप्पा ८: फोटो पाठवताना

इतकं करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि धागे पुन्हा चिकटतात. पिनच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. गटात फोटो काढणारी एक आणि संकेतस्थळावर चढवणारी दुसरी असते, तिथे हे हमखास विसरतं. दोघींना एकत्र बसवून एकदा करून दाखवा.

आणि प्रत्येक बारीक वस्तूचा एक फोटो दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून काढा. आकार कळला की "ताई, ही डबी केवढी आहे?" हा प्रश्न येत नाही.